कांद्याचं बी धरणाऱ्यांना खुलं पत्र: उरलेले सत्तेचाळीस आठवडे मधमाशीनं काय खायचं?

निफाड, चांदवड, येवला, देवळा, सटाणा, कळवण, जिथं जिथं घरचं उळं, म्हणजे कांद्याचं बी, धरतात तिथल्या माझ्या भावांनो, वहिन्यांनो, आणि आमच्या बांधाला बांध असलेल्या द्राक्षबागवाल्या दादांनो,

रामराम.

डेंगळे, म्हणजे बी धरायला लावायचे कांदे, लावायचे दिवस आलेत. ओट्यावर चाळीतून निवडलेल्या कांद्यांचा ढीग पडलाय. मानेकडचा तिसरा हिस्सा कापून एकेक कांदा पाटीत टाकतेय, आणि मधूनमधून हात पुसून हे लिहितेय. डोळ्यांत पाणी आहे ते कांद्याचं, गैरसमज नको. पण गेल्या साली याच ओट्यावर जे मोजलं, त्यानं थोडं आलंच होतं, म्हणून हे पत्र.

गेल्या साली आमचे वीस गुंठे डेंगळे होते. थंडी पडली तेव्हा दांडे असे सरसरून वर आले की येणारा-जाणारा गाडी थांबवून बघायचा. फुलांच्या पांढऱ्या गोंड्यांनी वावर भरून गेलं. सव्वा क्विंटल बी धरलं होतं मी मनात, त्यातलं निम्मं कोणाकोणाला कबूलही करून बसले. झोडपून, पाखडून निघालं एक्केचाळीस किलो.

मळणीच्या आधी एक चांगला तळहाताएवढा गोंडा काढून आणला आणि ताटात उकलला. सासूबाई, मी आणि पोरगी, तिघी मोजायला. कांद्याच्या एका बोंडात तीन कप्पे असतात, प्रत्येकात दोन बियांची जागा, म्हणजे पुरं भरलं तर सहा काळे दाणे. तीनशे साठ बोंडं मोजली. निम्म्याहून जास्त नुसती पोकळ, बोटानं दाबली की कागदासारखी चुरगळणारी. बाकीच्यांत कुठं एक, कुठं दोन. सहाच्या सहा दाणे असलेली सगळ्या ताटात चार बोंडं सापडली. पोरगी म्हणाली, "आई, एवढं मोठं लग्न आणि जेवायलाच कोणी नाही."

तिच्या तोंडून निघालं ते बरोबरच होतं, कारण कांद्याच्या फुलाचं लग्न मुहूर्त चुकलेलंच असतं. फूल उमललं की त्यातले परागकण आधी झडून जातात. त्या वेळी त्याच फुलातली मादीकडची काडी अजून राईएवढीच असते. ती वाढून तयार होते तोवर घरचा पराग संपलेला. मग दुसऱ्या फुलावरचा पराग कोणीतरी आणून द्यावा लागतो. वाऱ्याचं हे काम नाही, कांद्याचा पराग चिकट. ते करतात मधमाश्या, काही फुलमाश्या, मातीत बीळ करून राहणाऱ्या बारक्या माश्या. एका गोंड्यात शेकडो फुलं, ती एकदम उमलत नाहीत, दोन-तीन आठवडे थोडी थोडी उघडत राहतात. म्हणजे माशी एकदा येऊन भागत नाही, रोज यावी लागते.

आणि गंमत अशी की माशीला कांदा फारसा आवडत नाही! त्याच्या मधुरसात पोटॅशियम जास्त असतं. जवळपास दुसरं काही फुललेलं असलं की ती तिकडं वळते. कांद्यावर ती येते ती दुसरं काही नसलं म्हणून, किंवा माश्याच इतक्या असल्या की काहींना कांद्यावर भागवावं लागतं. आपलं सगळं उळं या दुसऱ्या कारणावर उभं आहे. शिवारात माश्या मुबलक हव्यात. आमच्या वावरात त्या साली दुपारी अकरा वाजता, जेव्हा गुणगुण ऐकू यायला हवी, तेव्हा शेजारच्या मोटारीचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

मग आपण जे करतो ते मीही केलं. गुळाचं पाणी फवारलं. त्यावर मुंग्या आल्या. बायका लावून मलमलच्या कापडानं गोंड्यांवरून हात फिरवून घेतला, सकाळी दहा ते बारा, पाच दिवस. मजुरीचा हिशोब नवऱ्याला अजून पूर्ण सांगितलेला नाही. कापडानं थोडं बी भरतं, खोटं कशाला बोलू, पण जे काम फुकट व्हायचं त्याला रोज लावायची वेळ आली, हे मनाला लागलं. त्याच्याही आधी मधमाश्यांच्या पेट्या भाड्यानं आणल्या होत्या. आणल्या त्या लवकर, गोंडे नुकते फुटत असताना. त्या माश्यांनी दोन दिवसांत पलीकडच्या शेतातला फुललेला धना शोधून काढला आणि मग आमच्याकडं ढुंकून बघितलं नाही. पेटी आणायची असेल तर दहातला एक गोंडा उमलल्यावर आणा, म्हणजे दार उघडल्या उघडल्या त्यांना समोर कांदाच दिसतो. हे मला पेटीवाल्यानंच नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर त्याचं काय बिघडलं असतं कोण जाणे.

पण पत्राचा खरा मुद्दा पेटीचा नाही. रात्री मी हिशोब मांडला, पैशाचा नव्हे, आठवड्यांचा. डेंगळ्याला माशी हवी पाच आठवडे. वर्षाचे आठवडे बावन्न. उरलेले सत्तेचाळीस आठवडे तिनं काय खायचं, कुठं राहायचं?

सासूबाईंना विचारलं, तुमच्या काळी काय काय फुलायचं. त्या कांदे कापता कापता सांगत गेल्या आणि मी ऐकत राहिले. पावसाळ्यात बांधावरची बाभूळ पिवळी. तीळ, डोंगराकडं कारळा, मग सूर्यफूल. भाद्रपद-अश्विनात बोरीला तो बारीक हिरवट फुलोरा, ज्याचा वास नाकाला नको वाटतो पण माश्यांची जत्रा भरते. तूर. थंडीत करडई, जवस, हरभरा. शेवगा. चैत्रात कडुनिंब, मग करंज, मग चिंच. कुठं ना कुठं काहीतरी उमललेलं असायचंच.

आता आमच्या शिवारात बघा. बाजरी गेली, मका आला. सोयाबीन. टोमॅटो, ज्याच्या फुलात मधुरसच नसतो. द्राक्ष. आणि कांदा, कांदा, कांदा. कांदा आपण फुलायच्या आत उपटतो. कोबी, फ्लॉवर गड्डा धरला की काढतो. मेथी-कोथिंबीर जुडीसाठी, फुलली तर माल गेला म्हणतो. मुंबईची भाजी पिकवणारं एवढं हिरवंगार नाशिक, पण माशीच्या डोळ्यांनी बघितलं तर माळरान. मधे पाच आठवडे आमच्यासारख्यांच्या वावरात अचानक लाखो फुलं, आणि मग पुन्हा काही नाही. बाराही महिने उपाशी ठेवून एक दिवस पंगतीला बोलावलं तर कोण शिल्लक राहणार आहे यायला?

आता माझी चूक सांगते. दुसऱ्याला शहाणपण सांगायचं तर आधी आपलं उघडं करावं.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही बांध जेसीबीनं कोरून घेतला. दीड फूट रान मिळालं. त्यात दोन बोरी, एक बाभूळ, करवंदीची जाळी, घायपात सगळं गेलं. एका बोरीवर फुलोरी माशीचं पोळं होतं. ही सगळ्यात लहान मधमाशी, तिचं एकच पोळं, तळहाताएवढं, फांदीला कवटाळून बांधलेलं. फांदीच्या दोन्ही बाजूंना ती डिंकासारख्या चिकट पदार्थाचं कडं करते, मुंगी चढू नये म्हणून. इतकं नीट काम की आपल्या गवंड्याला दाखवावं. जेसीबीच्या एका धक्क्यात बोर आडवी झाली. माश्या उडून पलीकडच्या मेंदीच्या कुंपणाला जाऊन लागल्या. मला वाटलं, संपलं. पण पुढचे तीन दिवस त्या परत येत राहिल्या. मध तर केव्हाच मुंग्यांनी नेला होता. त्या येत होत्या मेणासाठी. पडलेल्या पोळ्याचं मेण कुरतडायचं, मागच्या पायांना लावायचं आणि नवीन जागी न्यायचं. पडक्या घराच्या विटा उचलून नेतात तसं. मी डबा घेऊन जाताना उभी राहून बघितलं, कौतुक वाटलं, आणि पुढं गेले. तेव्हा डोक्यात आलं नाही की हीच माझी मजूर आहे, जिला पुढं मलमलचं कापड घेऊन शोधायला लागणार आहे.

आमच्या शेजारी एक म्हातारे बाबा आहेत. त्यांचा बांध आम्ही सगळे हसण्यावारी न्यायचो. आळशी म्हणून साफ करत नाहीत, असं. ओढ्याकडेला बोरी, बाभळी, एक पोकळ चिंच, जिच्या ढोलीत सातेरी मधमाशीचं मोहोळ आहे. गेल्या साली त्यांचे दहा गुंठे डेंगळे होते आणि त्यांचं बी आमच्या वीस गुंठ्यांच्या जवळपास निघालं. यावरून सगळं सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. त्यांची जमीन काळी, त्यांचा कांदा वेगळा, फवारणीही कमी. पण त्यांच्या वावरात अकरा वाजता गुणगुण होती. आणि तारेवर वेडे राघू बसलेले होते. आपले काही लोक वेडा राघू दिसला की दगड मारतात, माश्या खातो म्हणून. खातो, खरंय. पण तो जिथं बसलाय तिथं खाण्याजोग्या माश्या आहेत, एवढं तरी त्याच्याकडून कळतं. आमच्या तारेवर त्या साली एकही नव्हता.

आपण पीक बदललं की शिवारातले राहणारे बदलतात, हे काही आपल्याला नवीन नाही. गोदाकाठी ऊस वाढला तसा बिबट्या उसात राहायला आला, उसातच पिल्लं घालायला लागला. तो आला ते सगळ्या गावाला कळलं, पिंजरे लागले, पेपरात फोटो आले. नांदूर मध्यमेश्वरला बंधारा झाला, गाळ साठला, पाणथळ झाली, आणि तिथं थंडीत परदेशी बदकं उतरायला लागली. २०२० मध्ये ती जागा महाराष्ट्रातली पहिली रामसर, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ ठरली, आपण पाहुण्यांना अभिमानानं दाखवायला नेतो. जो येतो तो दिसतो. माशी गेली ते कोणालाच दिसलं नाही. आम्हाला ते ताटात पोकळ बोंडं मोजताना कळलं.

हवामानाचंही आहेच. निफाडची थंडी म्हणजे आपली प्रतिष्ठा, निफाडजवळच्या कुंदेवाडीचा पारा किती उतरला ते पूर्ण महाराष्ट्र टीव्हीवर बघतो. डेंगळ्याला ती थंडी लागते, तिच्याशिवाय कांद्यातून दांडा नीट निघत नाही. पण आता थंडी तुकड्या-तुकड्यांनी येते. मधेच ढगाळ, मधेच गारा. २०२३ च्या नोव्हेंबरातली गारपीट आठवते ना, बागा झोपल्या होत्या. नंतर फेब्रुवारीतच असं ऊन की दुपारपर्यंत फुलातला रस घट्ट होतो, फूल कोरडं पडतं, आणि माशी फुलं सोडून पाण्याला जाते. तिला पोळं थंड ठेवायला पाणी लागतं. गेल्या साली आमच्याकडं ज्या थोड्या माश्या होत्या त्या मला गोंड्यांपेक्षा ठिबकच्या गळक्या जोडावर जास्त दिसल्या. रांगेत बसून पाणी पीत होत्या. ऊन आपल्या हातात नाही. पण अशा सालात थंडीच्या सकाळी उशिरापर्यंत उडता येत नाही, दुपारी उडवत नाही, म्हणजे कामाचे तासच दोन-तीन उरतात. त्या दोन-तीन तासांत काम उरकायचं तर माश्या जास्त हव्यात. आणि नेमक्या त्याच आपण कमी करून ठेवल्या.

आता फवारणी. थ्रिप्स, म्हणजे फुलकिडे, दिसले की हात शिवशिवतात, मला माहीत आहे. गेल्या साली मी औषधाच्या दुकानात गेले, फोटो दाखवला. काउंटरवरच्या पोरानं दोन बाटल्या काढून दिल्या. गोंडे फुलले आहेत का, एवढं त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. सकाळी नऊला पंप चालवला. थ्रिप्स कमी झाले. दुसऱ्या दिवशी सरीत माश्या पडलेल्या होत्या, काही अजून पाय हलवत होत्या. मी त्या मोजल्या नाहीत. मोजायला धीर झाला नाही.

थ्रिप्सला जे मारतं त्यातलं बरंचसं माशीलाही मारतं, आणि थ्रिप्स खाणाऱ्या ढालकिड्याला आणि क्रायसोपा या मित्रकिड्यालाही. फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम ही नावं आपल्या सगळ्यांच्या जिभेवर आहेत. यातली शेवटची दोन आणि क्लोथियानिडिन अशा तीन औषधांचा उघड्या शेतात वापर युरोपीय संघानं २०१८ मध्ये बंद केला, माश्यांच्याच कारणानं. थ्रिप्सची काळजी गोंडा फुटायच्या आत घेता येते. चोहोबाजूंनी मक्याच्या दोन ओळी आधीच लावल्या तर बाहेरून येणारे थ्रिप्स बरेच अडतात. आणि अगदीच मारायची वेळ आली तर दिवस मावळल्यावर, माशी घरी गेल्यावर, जे कमी विषारी आहे ते.

बागवाल्या दादांनो, तुमच्यासाठी हा परिच्छेद वेगळा. द्राक्षाला माशी लागत नाही, मला माहीत आहे. फुलाची टोपी गळते आणि पराग आपल्याच फुलावर पडतो, तुमचं काम होऊन जातं. त्यामुळं माशीचा विचार करायचं तुम्हाला कारणच नव्हतं. पण तुमचा फवारणीचा ब्लोअर आमच्या बांधावरून जातो तेव्हा तो गट नंबर बघत नाही, आणि माशीही बघत नाही. फुलोरी फार लांब जात नाही, पण सातेरी किलोमीटरभर सहज फिरते, आग्या तर त्याहून खूप लांब. म्हणजे मी एकटीनं माझे वीस गुंठे कितीही जपले तरी भागत नाही. तुम्ही कुठल्या औषधाला किती दिवस थांबायचं हे तोंडपाठ सांगता. २०१० साली सीसीसी या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशापायी युरोपात कंटेनर अडकले तेव्हा तुम्ही ते शिकलात, आणि काय शिकलात! सगळ्या जिल्ह्याच्या वह्या बदलल्या. त्या अक्कलेतली थोडी इकडं द्या. फेब्रुवारी-मार्चात ब्लोअर काढायच्या आदल्या संध्याकाळी आमच्या ग्रुपवर एक निरोप टाका. आम्ही निदान पेट्यांची दारं बंद करू.

बी धरणाऱ्यांना माझं मागणं एवढंच की बांधाची एक बाजू सोडा. पूर्ण नको, मलाही रान कमी आहे. ओढ्याकडची, रस्त्याकडची, जिथं तसंही पीक नीट येत नाही ती. तणनाशकाचा पंप तिथं थांबवा. बोर आपोआप येते. शेवग्याच्या चार काड्या खोचल्या तर शेंगाही खायला मिळतात. कोणी म्हणतं डेंगळ्याच्या कडेनं धना, मोहरी पेरा म्हणजे माशी येते. जपून. ते फूल कांद्याबरोबर उमललं तर माशी तिकडंच बसून राहील, आमच्या पेट्यांचं काय झालं ते सांगितलंच. ते आधी उमलायला हवं, आणि गोंडे उघडले की कापून गुरांना टाकायला हवं. आणि आग्या मोहोळ दिसलं की पलिता लावून जाळायची सवय सोडा. थोड्या मधासाठी हजारो माश्या राख करतो आपण. रस्त्यावर, शाळेजवळ असेल तर गोष्ट वेगळी, तिथं जाणकाराला बोलवा. वावरातलं राहू द्या. ते तसंही काही महिन्यांनी फुलोऱ्यामागं उठून जातं, आणि जागा आवडली तर पुढच्या साली परत येतं.

कुणी म्हणेल, बाई, दीड फूट बांधासाठी एवढं मोठं पत्र. हो. घरचं उळं फसलं की आपण दुकानातल्या पुडीकडं वळतो, ती कुठली निघते ते रोपाला पात फुटेपर्यंत कळत नाही, आणि डोंगळे, म्हणजे कांदा धरायच्या आत फुलाचे दांडे, निघाले की सगळं सालच गेलं. कांद्याच्या बियाची उगवण वर्षभरातच फार घटते, घरी जास्त दिवस साठवून भागत नाही. म्हणजे दर साली नवं लागतं, दर साली माशी लागते.

आमच्या कोरलेल्या बांधावर त्या आडव्या झालेल्या बोरीचं खोड मुळापासून निघालं नव्हतं. पावसाळ्यात त्याला धुमारे फुटले, यंदा कमरेएवढे झालेत, काटे आहेत, पोरं शिव्या देतात. गेल्या आठवड्यात सासूबाई सरपण बघायला गेल्या आणि तशाच परत आल्या. मला म्हणाल्या, चल दाखवते. आतल्या फांदीला फुलोरीचं पोळं लागलंय, अजून बोटभरच, फांदीच्या दोन्ही बाजूंना ते चिकट कडं घातलेलं. मी तिथं जुन्या साडीची लाल चिंधी बांधलीय, रोटाव्हेटरवाल्याला दुरून दिसावी म्हणून. चांदवडकडं आलात तर बघायला या, पण सकाळी नऊच्या आत, त्या अजून बाहेर पडलेल्या नसतात तेव्हा.

तुमच्यातलीच एक, वीस गुंठेवाली